आधी पडदा उघडा, मग पंप उचला

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही कोरडवाहू माणसे. कपाशी आणि ज्वारी यापलीकडे आमची अक्कल फारशी चालत नाही. मग महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर बोलायचा आम्हाला काय अधिकार, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. आपल्याकडे वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस झाला तरी देव पावला म्हणतात. तिकडे एका पावसाळ्यात साडेपाच हजारांच्या आसपास पडतो.

पण आता आपल्याही गावांत शेडनेट आणि पॉलिहाऊस उभी राहिली आहेत. ठरवून दिलेल्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, उरलेला पैसा बँकेचा. पोरे विचारतात, करावे का? ज्याला विकायचे आहे तो सांगतो, करा. आम्ही ठरवले, ज्यांनी केले आहे त्यांनाच विचारावे. म्हणून आम्ही काही जण महाबळेश्वर, पाचगणी, भिलार असे फिरून आलो. काय पाहिले ते सांगतो.

तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळाचे मळे बहुतेक उघड्यावरच आहेत, गादीवाफा, मल्चिंग आणि ठिबक. खरी कसोटी असते ती त्याआधी, पावसाळ्यात. परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून प्लॅस्टिकच्या छताखाली रोपे वाढवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची. बाहेर धुके, आत ओल. बुरशीला यापेक्षा चांगले माहेर नाही. राहुरी विद्यापीठाचे गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे, ते काही उगाच नाही.

एका रोपवाटिकेत आम्ही पाहिले, मधली कोवळी पाने टोकाला करपलेली. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, "कॅल्शियम कमी आहे, फवारा मारा." तो बोलला ते अनुभवाने. त्याने स्वतःच्या पॉलिहाऊसमध्ये असेच करपलेले पान पाहून तीन वेळा फवारणी केली होती. पैसे गेले, पान करपतच राहिले. रोपवाटिकेचा मालक हसला आणि म्हणाला, "कॅल्शियम मातीत भरपूर आहे हो. चार दिवस पडदे बंद होते, त्याचं हे फळ."

भावांनो, यात सगळे आले. कॅल्शियम झाडात चढते ते पाण्याबरोबर. पाणी वर चढते, कारण पानातून त्याची वाफ होऊन ते बाहेर जाते. हवा ओलीगच्च आणि निश्चल असली की वाफ निघत नाही. पाणी थांबले की कॅल्शियमही थांबले. मातीत कितीही असो, कोवळ्या पानाच्या तोंडी पडत नाही. रोग दिसतो पानावर आणि असतो हवेत!

बंद घरातली हवा चार प्रकारे बिघडते. पहिला प्रकार उष्णतेचा. पडदे बंद ठेवले तर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सहज दहा अंशांनी चढते. दुसरा ओलीचा. पहाटे प्लॅस्टिकला आतून दव धरते, ते थेंब पानाफुलांवर पडतात आणि करडी बुरशी येते. भुरीला तर पान ओले होण्याचीही गरज नसते, हवा दमट असली की पुरे. तिसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. झाड कर्बवायूवर जगते आणि हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम सव्वाचारशे भाग असतो. ऊन चढले, पडदे बंद राहिले, तर झाडे आतला कर्बवायू ओढून घेतात आणि उपाशी राहतात. पानावर खूण काही नाही, फक्त वाढ मंदावते. आपल्याला वाटते खत कमी पडले. आपण खत वाढवतो. छताखाली पाऊस नाही, क्षार धुऊन जात नाहीत, आणि मग जुन्या पानांच्या कडा जळू लागतात. म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक, आणि दोन्हींचे बिल आपल्याच नावावर.

चौथा प्रकार धुराचा. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात, हे तुम्ही ऐकले असेल. थंडीसाठी उघड्या शेतात शेकोटी करणे वेगळे, पण बंद घरात कोळसा किंवा लाकूड कधीही पेटवू नका. त्या धुरात इथिलीन असते, त्याने फुले गळतात, पाने माना टाकतात. आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, तो माणूस मारतो.

मग ओळखायचे कसे? महागडे यंत्र नको. दोन साधे तापमापक सावलीत शेजारी टांगा. एकाच्या तळाला ओल्या कापडाची वात गुंडाळा, तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. कोरडा २५ अंश आणि ओला २४ दाखवत असेल, तर हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर आहे, बुरशी दारात उभी आहे. ओला २० दाखवत असेल तर ती साठ-पासष्टच्या घरात आहे, झाड सुखात आहे. पावसाळ्यात बाहेरची हवाही ओलीच, तेव्हा कोरडी हवा आणणार कुठून? पण हलती हवा आणता येते. बाजू उघडा, दाटी कमी करा, जुनी पाने काढा.

रोपाकडे पाहण्याची रीतही आम्ही तिथे शिकलो. आधी सगळा प्लॉट पाहा. एका बाजूच्या सगळ्याच ओळी सारख्या बिघडल्या असतील तर बहुधा हवा, पाणी नाहीतर क्षार. इथे एक झाड, तिथे एक झाड, असे ठिपक्याठिपक्यांनी पसरत असेल तर रोग किंवा कीड. मग पान पाहा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी. वरची कोवळी पाने बिघडली तर लोह, कॅल्शियम, बोरॉन. पान उलटून भिंगाखाली धरा, कोरड्या उकाड्यात लाल कोळी तिथेच सापडतो. एक झाड उपटून मूळ पाहा. आणि गेल्या दहा दिवसांत आपण काय काय केले ते वहीत पाहा. वही नसेल तर आजच करा.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या रानाला ना छत ना पडदा. आम्हाला याचे काय? अहो, चूक तीच आहे. कपाशी लाल पडली की आपण म्हणतो, लाल्या आला, द्या औषध. कडा खाली वळल्या असतील तर पान उलटा, तुडतुडे असतील. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल तर मॅग्नेशियम. बोंडांचा भार आला आणि रात्री गार पडल्या तरी पान लाल होते. तीन कारणे, तीन उपाय. कपाशीचे पान भेंडीसारखे चिरले की आपण म्हणतो, व्हायरस आला. पुष्कळदा तो व्हायरस नसतो, टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश असतो. शेजारच्या शिवारातून हवेबरोबर आलेला, नाहीतर आपल्याच न धुतलेल्या पंपात राहिलेला. लांब ताणानंतर मोठा पाऊस झाला आणि कपाशी एका दिवसात मलूल झाली, तर बुरशी शोधत बसू नका. मुळांना हवा मिळालेली नाही. चर काढा, पाणी बाहेर जाऊ द्या. रब्बी ज्वारीचा खडखड्याही दाणा भरताना ओल तुटली की जोर करतो.

आणि हवा फक्त झाडाची नसते, माणसाचीही असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, उकाडा, दोन-तीन औषधांची मिसळ आणि तोंडाला धड फडकेही नाही. उघड्या रानात हे झाले. मग बंद पॉलिहाऊसमध्ये, जिथे वाफ जायला वाटच नाही, तिथे काय होईल याचा विचार करा. आत फवारले की बाहेर या, पडदे उघडा आणि डब्यावर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय बाईमाणसाला आत खुडायला पाठवू नका.

पॉलिहाऊस करावे की नाही, याचे उत्तर आम्ही देणार नाही. ज्याचे कर्ज, त्याचा निर्णय. पण विकणारा आला की त्याला तीन प्रश्न विचारा. हवा येण्याजाण्याच्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्राच्या निदान पाचव्या हिश्श्याइतक्या आहेत का? पडदे रोज कोण उघडणार? आणि पान बिघडले तर बघायला कोण येणार? उत्तर गुळमुळीत आले तर सही करू नका.

ज्या फवारणीची गरज नव्हती ती वाचली, तर ते पैसे कोणत्याही अनुदानापेक्षा खरे. पंपाला हात घालण्याआधी पान उलटा. पान उलटण्याआधी एक खोल श्वास घ्या. आपलाच जीव त्या हवेत कोंडत असेल, तर झाडाने काय करावे?