कामावर जाताना साखर सांभाळायची

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी मांडलेले मनोगत)

मला बोलायची सवय नाही. गटाचं रजिस्टर वाचून दाखवते तेवढंच. पण अध्यक्षताई म्हणाल्या, तुमच्यावर बेतलं ते सगळ्यांना सांगा, म्हणून उभी राहिले.

मला ६ वर्षांपासून शुगर आहे. पण खुरपणीच्या टोळीत सांगितलं नव्हतं. वाटलं, मुकादमबाई म्हणेल, उद्यापासून येऊ नको. रोज बुडला तर गटाचा हप्ता कुठून भरायचा?

गेल्या आषाढी एकादशीला सवयीनं गोळी घेतली आणि नुसत्या बिनसाखरेच्या चहावर सोयाबीन खुरपायला गेले. अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. मी भलतंच काही बोलत होते म्हणे. एक बाई म्हणाली, अंगात आलं. शेजारची सून टोळीत होती, तिला माझं ठाऊक होतं. ती म्हणाली, "यांना शुगर आहे, साखर द्या." तर दुसरी ओरडली, "शुगर आहे तर आणखी गोड कशाला?"

बायांनो, इथंच आपण चुकतो. शुगरवाल्याची साखर वाढते तशी एकदम खालीही जाते. ७० च्या खाली गेली की ती लगेच वर आणावी लागते. काही गोळ्या आणि इन्सुलिन, पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतात. त्यात खुरपणीचं काम. सगळ्या गोळ्या तशा नसतात, आपली कोणती ते डॉक्टरांना विचारा. आणि उपवास धरायच्या आधीच विचारा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. मी तेही एकदा करून बसले होते.

त्या सुनेनं ३ चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांत बरं वाटतं, नाही वाटलं तर परत तेवढंच द्यायचं. मग भाकरी खायची. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर निजवून १०८ ला फोन करायचा.

आता माझ्या पिशवीत साखरेची पुडी असते. दहाला बांधावर बसून अर्धी भाकरी खाते. पायात बूट घालते, कारण शुगरमध्ये पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. संध्याकाळी पाय धुताना तळवे बघते.

मुकादमबाईला सांगितलं. ती म्हणाली, "आधी का नाही बोललीस? बसत जा पाच मिनिटं." एका शेतमालकानं मात्र पुन्हा बोलावलं नाही. तेही खरंच आहे, लपवत नाही.

तिशीच्या पुढच्या बायांची तपासणी उपकेंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा. माझी संघाला एक विनंती आहे. साखर तपासायचं एक मशीन गावात ठेवू. सुई मात्र जिची तिची नवी, एकीची दुसरीला नाही. पट्ट्यांचा खर्च कसा वाटायचा ते पुढच्या बैठकीत ठरवू. माझे पहिले शंभर रुपये मी आज सचिवताईंकडे दिलेत.