बाळाचा श्वास मोजणाऱ्या बाया

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, आजचं बोलणं तसं घरातलंच आहे.

आपल्या गावात अधूनमधून कुणीतरी वही घेऊन येतं. कधी कॉलेजची मुलं, कधी मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर. बाळाचं वजन करतात, दंडाचा घेर मोजतात, काय खाता, पाणी कुठलं पिता ते विचारतात. सही नाहीतर अंगठा घेतात आणि गाडीत बसून जातात. मग आपल्या बायका म्हणतात, ‘लिहून तर नेलं, पण त्याचं पुढं झालं काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. कुठे काहीच होत नाही. पण कुठे काय होऊ शकतं, ते आज सांगते. ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे, गडचिरोलीची.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे जोडपं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आलं आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांचा दवाखाना मोठ्या सिमेंटच्या इमारतीत नाही, आदिवासी पाड्यासारख्या झोपड्यांमध्ये आहे. त्याला नाव आहे दंतेश्वरी मातेचं, कारण ती तिथल्या लोकांची देवी. मला यातच निम्मं काम झालेलं दिसतं. ज्या दवाखान्यात पाय ठेवायला भीती वाटते, तिथे बाई तान्हं लेकरू घेऊन जाईल कशाला?

त्या काळात तिथे लहान मुलं न्यूमोनियानं फार जायची. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. पण गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? तिला शाळेत घालायचं की मोजायची रीतच बदलायची? त्यांनी रीत बदलली. लाकडी पाटीवर तारेत ओवलेले मणी आणि शेजारी एका मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करायचं. दहापर्यंत तर प्रत्येकीला मोजता येतं! सुईणींनी आणि गावातल्या कार्यकर्त्यांनी हे काम केलं, त्या गावांतले न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले.

हाताशी घड्याळ असेल तर आपणही मोजू शकतो. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट बघायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर थांबायचं नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजत बसायचीही गरज नाही.

पुढची पायरी अवघड होती. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात जाणारी बाळं कशी वाचवायची? बाळंतपण घरी, दवाखाना लांब, आणि सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हा गावातल्याच पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायका निवडून त्यांना ‘आरोग्यदूत’ केलं. आधी त्यांनी नुसती नोंद ठेवली. जवळजवळ निम्म्या बाळांना गंभीर त्रास होत होता, आणि औषधोपचार मिळालेली बाळं शंभरात तीनसुद्धा नव्हती. हे आकडे आधी कुठल्या सरकारी कागदावर नव्हते. बाया घरोघरी बाळंतिणीच्या खाटेजवळ बसल्या, तेव्हा ते कळलं.

मग त्यांना बाळ उबदार ठेवायला शिकवलं, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. आईबापांची लेखी संमती घेऊनच. गावच्या बाईनं तान्ह्या बाळाला सुई टोचायची, यावर मोठमोठ्या डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. पण ३९ गावांत हे काम झालं आणि ४७ गावांशी तुलना केली. दर हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात ६२ जात होती, ती तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आली. तुलनेच्या गावांत मात्र आकडा साठाच्या जवळच राहिला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं.

तुम्ही म्हणाल, मग त्या ४७ गावांतल्या बाळांचं काय? मलाही ते टोचतं. पण ती तुलना नसती, तर दिल्लीत कुणी ऐकलं नसतं हेही खरं. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊ लागल्या, त्याचं मूळ याच कामात आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची धरून सात. सुरुवातीला या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला २५० रुपये ठरले होते. उन्हातान्हात, पावसात सहा-सात फेऱ्यांचे अडीचशे! यावर मी जास्त बोलत नाही, तुम्हाला मजुरीचा हिशेब कळतो.

आता आपल्या गटानं काय करायचं? एक तर, गावात कोण बाळंत झाली आणि आशाताईच्या किती भेटी झाल्या, हे महिन्याच्या बैठकीत विचारायचं. बचतीचा हिशेब झाला की पाच मिनिटं पुरतात. ताईवर पाळत ठेवायची नाही, तिला वजनकाटा मिळाला का, औषध संपलंय का, हेही त्यातच कळतं. काटा बिघडला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गटानं मिळून सांगायचं. एकटीचं बोलणं तिथे ऐकलं जातंच असं नाही.

आणि वहीवाले आले तर त्यांना चहा द्या, पण प्रश्नही विचारा. कुठल्या संस्थेतून आलात? हे कशासाठी? बाळ आजारी निघालं तर तुम्ही काय करणार? निकाल आम्हाला मराठीत, गावात येऊन सांगणार का? संमतीचा कागद आपल्या भाषेत वाचून दाखवणं हे त्यांचं काम आहे. नाही म्हणायचा आपल्याला हक्क आहे, आणि नाही म्हटलं म्हणून अंगणवाडीचा आहार किंवा दवाखान्याचं औषध कुणी बंद करू शकत नाही. चांगला अभ्यासक या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण आपल्याशिवाय त्याची वही कोरीच राहणार असते.

जाता जाता पहिल्या महिन्यातल्या खुणा पुन्हा सांगते, सासूबाईंनाही ऐकवा. चांगलं पिणारं बाळ प्यायचं कमी झालं, रडणं मंद झालं, बाळ मलूल पडलं, अंग गार लागतंय किंवा तापलंय, बेंबीत पू, पोट फुगलंय, सारख्या उलट्या, कण्हतंय. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आशाताईला उठवा, १०८ किंवा १०२ ला फोन लावा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं धरा, डोक्यावर टोपडं घाला आणि वरून गोधडी पांघरा.