खरी प्रत कोणती?

(सीमाभागातून आलेल्या तरुण मित्रमैत्रिणींसमोर इंदूरमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरतं घेतलंय.)



बेळगाव, निपाणी, खानापूर, भालकी... इतक्या लांबून तुम्ही इंदूरला आलात, आधी त्याबद्दल आभार. २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावला भरलं आणि पुढच्याच वर्षी, २००१ ला, आमच्या इंदूरला. म्हणजे ही ये-जा नवी नाही. पण आज मी साहित्यावर बोलणार नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा, तेव्हा त्यातलंच बोलतो. टॅबलेटवर केलेलं काम कॉम्प्युटरवर पोहोचतं कसं, आणि वाटेत हरवतं कसं.

विषय किरकोळ वाटेल. पण मघाशी मी विचारलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी कोण कोण रेकॉर्ड करतंय, जुने दाखले, जमिनीचे उतारे, पत्रं यांचे फोटो कोण काढतंय, तेव्हा निम्मे हात वर आले. हे सगळं काम तुम्ही फोनवर आणि टॅबलेटवर करताय. लिहायचं, छापायचं काम मात्र कॉम्प्युटरवर. मधला पूल म्हणजे क्लाउड. तो पूल कसा आहे हे माहीत असलंच पाहिजे.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगतो. इथल्या जुन्या वस्तीत एका घरी होळकरांच्या काळातले मोडी कागद आहेत. घरच्यांनी ते आमच्या गटाला फोटो काढायला दिले. मोडी सफाईने वाचणारे एक आजोबा भेटले, वय ८४. ते वाचायचे आणि आमच्यातली एक मुलगी टॅबलेटवर टिपून घ्यायची. तीन संध्याकाळी हे चाललं. घराच्या भिंती जाड, आत नेट येत नाही. पण टॅबलेटवर सगळं नीट दिसत होतं, 'सेव्ह झालं' असंही लिहून येत होतं. तिसऱ्या दिवशी रात्री आमच्यातल्याच एका मुलाने तीच फाइल कॉम्प्युटरवर उघडली. त्याच्यापुढे आली ती काम सुरू होण्याआधीची प्रत. त्याला वाटलं, अजून सुरुवात व्हायचीय. त्याने शीर्षकं नीटनेटकी केली, सेव्ह केलं, आणि ती प्रत वर गेली. चौथ्या दिवशी टॅबलेटला नेट मिळालं. त्या अ‍ॅपने दोन्ही तारखा बघितल्या. वरची प्रत नंतरची, टॅबलेटवरची आधीची. म्हणून टॅबलेटवरची काढून वरची तिच्या जागी ठेवली. तीन संध्याकाळींचं वाचन एका क्षणात गेलं.

आजोबा पुन्हा बसायला तयार झाले. पण महिन्याभरात त्यांची नजर इतकी उतरली की मोडीची ओळ लागेना. एकूण ३१ कागद होते. दुसऱ्यांदा ११ झाले. उरलेल्या २० कागदांचे स्वच्छ फोटो आमच्याकडे आहेत, पण त्यात काय लिहिलंय ते आम्हाला माहीत नाही.

आता हे झालं कसं ते समजून घेऊ. आपण म्हणतो, 'फाइल क्लाउडवर आहे.' त्यामुळे डोळ्यांपुढे असं चित्र येतं की फाइल एकच आहे आणि आपण सगळे तिच्याकडे वेगवेगळ्या खिडक्यांतून बघतोय. बहुतेक वेळा तसं नसतं. टॅबलेटवर एक प्रत, कॉम्प्युटरवर एक प्रत, कंपनीच्या सर्व्हरवर एक प्रत. सिंक म्हणजे या तिघांची जुळवणी. किराणा दुकानात बाप एका वहीत उधारी लिहितो, मुलगा दुसऱ्या वहीत, आणि रात्री दोन्ही वह्या जुळवतात, तसंच हे. रोज रात्री जुळवणी झाली तर ठीक. पण चार दिवस राहिली आणि एकाच गिऱ्हाइकाच्या पानावर दोघांनी खाडाखोड केली, तर खरा हिशेब कुणाचा? बाप-लेक बोलून ठरवतील. यंत्र तारीख बघून ठरवतं. आणि तारखेवर एवढा भरवसा ठेवता येत नाही, हे फार जुनं शहाणपण आहे. वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर घडलेल्या गोष्टींचा क्रम नुसत्या घड्याळावरून लावता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७८ साली निबंध लिहून दाखवून दिलं होतं.

सगळ्या सेवा सारख्या वागत नाहीत. ड्रॉपबॉक्सला असा झगडा दिसला की तो दोन्ही प्रती ठेवतो आणि एकीच्या नावापुढे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लिहितो. असं नाव दिसलं की कचरा समजून पुसू नका. तुमचं हरवलेलं काम त्यातच असू शकतं. गुगल डॉक्समध्ये दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर दोघांचे बदल एकत्र केले जातात, म्हणून ते सोयीचं. पण तीच गोष्ट ड्राइव्हवर टाकलेल्या साध्या पीडीएफची नाही. तिथे अख्खी फाइल बदलली जाते.

टॅबलेटची गोष्ट आणखी वेगळी आहे. कॉम्प्युटरवर एक फोल्डर असतं आणि सगळे प्रोग्राम त्यातून फायली उघडतात. टॅबलेटवर, विशेषतः आयपॅडवर, प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची खोली असते आणि दाराला कुलूप असतं. एका अ‍ॅपमधून फाइल दुसऱ्यात पाठवली की पुष्कळदा नवीन प्रत तयार होते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून तीवर खुणा करता, तेव्हा त्या खुणा ड्राइव्हवरच्या मूळ फाइलमध्ये जात नाहीत. दुसरं म्हणजे, बॅटरी वाचवायला टॅबलेट मागे चाललेली कामं थांबवतो. तुम्ही अ‍ॅप बंद करून टॅबलेट पिशवीत टाकला की वर चढवणं अर्ध्यावर राहू शकतं. 'फक्त वायफायवर' अशी सेटिंग असेल तर मोबाइल डेटावर काहीच हलत नाही. आणि 'सेव्ह झालं' याचा अर्थ एवढाच की या यंत्रावर सेव्ह झालं.

कॉम्प्युटरवरही फसगत होते. वनड्राइव्हमध्ये फाइलच्या बाजूला ढगाचं चिन्ह दिसलं, तर त्या कॉम्प्युटरवर फाइलचं फक्त नाव आहे, फाइल वर आहे. नेट नसलेल्या गावी लॅपटॉप नेलात आणि ती उघडायला गेलात, तर उघडणार नाही. निघण्याआधी ती फाइल 'या यंत्रावर कायम ठेव' असं सांगावं लागतं.

आता जरा आपल्या मराठीपुरतं बोलतो, कारण हे इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही.

पहिलं, फाइलचं नाव. 'स्त्री' हे डोळ्याला एक अक्षर दिसतं. कॉम्प्युटरला ती सहा चिन्हं असतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एका 'स्त्री'चे १८ बाइट. अँड्रॉइडवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. विंडोज चिन्हं वेगळ्या पद्धतीने मोजतं, म्हणून तिथे लांबलचक मराठी नाव चालून जातं. तीच फाइल टॅबलेटवर उतरताना अडते, आणि ती का अडली हे कुणी धड सांगत नाही.

दुसरं, 'शेतकऱ्यांचे अर्ज'. यातला तो अर्धा र तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो. तुमच्या कीबोर्डवर एक तऱ्हा, मित्राच्या कीबोर्डवर दुसरी. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरला ही दोन वेगळी नावं वाटतात. मग एकाच नावाची दोन फोल्डरं दिसतात, निम्मे अर्ज एकात, निम्मे दुसऱ्यात, आणि शोधलं तर एकातलेच सापडतात.

तिसरं, जुने फॉन्ट. आपल्याकडच्या छापखान्यांतून, मासिकांतून वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये काम झालं. ती फाइल सिंक अगदी बरोबर होते, पण टॅबलेटवर तो फॉन्ट नसतो, म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली समजून तिथे काही बदलू नका. आधी कॉम्प्युटरवर ती युनिकोडमध्ये करून घ्या, मग वर चढवा.

एवढं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? आम्ही जे करायला लागलो ते सांगतो.

एका वेळी एका फाइलचा धनी एकच. टॅबलेट घराबाहेर गेला की कॉम्प्युटरवर त्या फाइलला कुणी हात लावायचा नाही. परत आल्यावर नेटवर लावायचा, कॉम्प्युटरवर शेवटची ओळ डोळ्यांनी बघायची, आणि मग ग्रुपवर लिहायचं, 'आली.' हा शब्द आल्याशिवाय दुसऱ्याने सुरुवात करायची नाही.

जिथे नेट नाही तिथे रोज नवीन फाइल. आधीच्या फाइलमध्ये भर घालायची नाही. नवीन फाइलवर जुनी प्रत येऊन बसूच शकत नाही.

नाव छोटं, आणि तारीख आधी. आमच्याकडे आकडे आणि साधी इंग्रजी अक्षरं वापरून नाव देतात: वर्ष, महिना, दिवस, पेटी क्रमांक, कागद क्रमांक. पूर्ण मराठी नाव फाइलच्या आत पहिल्या ओळीत. यात मराठीचा कमीपणा नाही. नाव म्हणजे पाकिटावरचा पिनकोड, पत्र आत मराठीतच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. टॅबलेटवर पुसलं की कॉम्प्युटरवरूनही पुसलं जातं, सिंकचं कामच ते आहे. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग कायमची जाते. वर्ड, पीडीएफ अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्याही ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या इतक्याच टिकतात. शिवाय गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेलही आलं आणि १ जून २०२१ पासून फोटोही. जागा भरली की नवीन काही वर जात नाही, आणि गटात कुणाला ते आठवडाभर कळतही नाही. म्हणून महिन्यातून एकदा सगळं एका हार्डडिस्कवर उतरवा, डिस्क काढून ठेवा, आणि ती तुमच्या घरी नको, गटातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी.

काही जण म्हणतील, एवढी शिस्त लावायची तर वहीतच लिहू. जरूर लिहा! आम्ही आता मोडी वाचन आधी वहीत घेतो आणि त्या पानाचा फोटो काढतो. पण वही एका घरी राहते, आणि हे काम बेळगावच्या मुलाला आणि इंदूरच्या मुलीला एकत्र करायचं असेल, तर फाइल लागणारच. परराज्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे कागद एका दफ्तरात नसतात, घराघरांतल्या ट्रंकांमध्ये असतात. ते वाचणारी, ते आठवणारी माणसं तर त्याहून थोडी. तुमच्या फोनमध्ये आज जे रेकॉर्डिंग आहे ते सांगणारी व्यक्ती उद्या पुन्हा सांगेलच असं नाही.

तेव्हा परतीच्या प्रवासात एक काम करा. गाडीत बसल्यावर फोन किंवा टॅबलेट काढा, शेवटच्या महिन्यातली सगळ्यात महत्त्वाची एक फाइल निवडा. घरी कॉम्प्युटरजवळ जो भाऊ, बहीण, मित्र असेल त्याला फोन करून ती फाइल तिकडे उघडायला सांगा आणि शेवटची ओळ वाचून दाखवायला सांगा. तुमच्या पुढ्यातली ओळ आणि ती ओळ एकच निघाली, तर चांगलंच. वेगळी निघाली, तर त्या फाइलला दोघांनीही हात लावू नका. आधी दोन्ही प्रतींची वेगवेगळ्या नावांनी नक्कल करून ठेवा, आणि मग शांतपणे जुळवायला बसा.