चारात एक म्हणजे काय?

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग याला कुठून आलं?’ मुलाला सिकलसेल असल्याचं कळलं की घरात हा प्रश्न हमखास निघतो. त्याचा रोख बहुतेक वेळा सुनेकडे असतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो.

सिकल म्हणजे विळा. या आजारात प्राणवायू कमी पडला की रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा येतात. कारण काय, तर हिमोग्लोबिन बनवण्याची सूचना देणाऱ्या जनुकात झालेला एका अक्षराचा बदल! या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही सदोष असतील तर हा आजार होतो. एकच सदोष असेल तर माणूस ‘वाहक’. तो शेतात राबतो, संसार करतो, त्याला सहसा काही जाणवतही नाही. म्हणजे ‘घराण्यात कुणालाच नाही’ हे बोलणं खरं असतं, पण दोष दोन्ही घराण्यांत दडलेला असतो. आजारी मुलाला एक प्रत आईकडून आणि दुसरी वडिलांकडूनच आलेली असते. मग एकट्या सुनेला बोल का?

हे दडून राहणं ग्रेगर मेंडेलनं वाटाण्यात पाहिलं. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा त्यानं संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी. पुढच्या पिढीत मात्र साधारण चारातल्या एका झाडाला पुन्हा पांढरी फुलं आली! हे त्यानं १८६६ साली छापलं. जगाला त्याचं महत्त्व कळायला १९०० साल उजाडलं.

आता हे ‘चारात एक’ नीट समजून घेऊ. आईवडील दोघे वाहक असतील तर बाळाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के, वाहक होण्याची पन्नास आणि पूर्ण मोकळं असण्याची पंचवीस. पुष्कळांना वाटतं, पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुरक्षित. तसं नाही हो! नाणं मागचा काटा लक्षात ठेवतं का? प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्यानं तेवढीच असते.

वाहकानं लग्नच करू नये, असं मात्र मुळीच नाही. जोडीदार वाहक नसेल आणि त्याच्यात थॅलेसेमियासारखा दोषही नसेल, तर मुलांना हा आजार होत नाही. फार तर ती वाहक होतील. म्हणून पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट पाहावा, असं मला वाटतं. सोल्युबिलिटी ही साधी चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत ठरतं. तोही रिपोर्ट मागून घ्या. आणि घरात एक वाहक निघाला, तर त्याच्या भावाबहिणींचंही रक्त तपासा.