चाकांवरची शाळा : तेरा महिन्यांचा हिशेब

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



 कार्यकारी मंडळाने आम्हां उभयतांस विषय नेमून दिला आहे. आम्ही आमच्या दोन्ही मुलांची शाळा सोडवून तेरा महिने अमेरिकेत गाडीतील घरात का राहिलो, आणि त्या काळात मुले काय शिकली, हे आपणांस ऐकावयाचे आहे. पत्रे लिहून ज्यांनी आमची कानउघाडणी केली होती, अशी काही वडील मंडळी आज समोर बसली आहेत. त्यांच्यापुढे आम्ही यशाची गाथा सांगण्यास उभे नाही. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू मांडून हिशेब देण्यास उभे आहोत.

प्रथम गाडीविषयी. तिकडे हिला 'आर. व्ही.' म्हणतात. आमचे घर तीस फूट लांबीचे होते आणि ते मालवाहू गाडीच्या मागे जोडून ओढावे लागे. आत चार जणांची निजण्याची सोय, शेगडी, लहानसे स्नानगृह आणि एक मेज. तेच मेज सकाळी शाळेचे, दुपारी जेवणाचे आणि रात्री आमच्या कामाचे. आमच्यापैकी एकाची नोकरी संगणकावरून कोठूनही करता येण्याजोगी होती, म्हणूनच हा बेत शक्य झाला. २०२२ च्या जूनमध्ये आम्ही टेक्ससमधील राहते घर भाड्याने देऊन निघालो आणि २०२३ च्या जुलैमध्ये परत आलो. त्या वेळी थोरली दहा वर्षांची होती आणि धाकटा सात वर्षांचा.

मुलांना शाळेत न घालणे हा तिकडे गुन्हा नाही काय, असे अनेकांनी विचारले. नाही. जर्मनीसारख्या देशात शाळेत जाणे सक्तीचे असून गृहशिक्षणास मनाई आहे. अमेरिकेत मात्र पन्नासही राज्यांत ते कायदेशीर आहे. नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. न्यूयॉर्कमध्ये वर्षाची योजना आणि दर तिमाहीचा अहवाल स्थानिक शाळा-जिल्ह्यास द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्र, मुलांच्या कामाची संचिका आणि वर्षाअखेर जाणत्या परीक्षकाचा अभिप्राय लागतो. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये गृहशाळेस खाजगी शाळेचा दर्जा मान्य केला. तेथे अट एवढीच, की शिक्षण प्रामाणिकपणे द्यावे, लेखी अभ्यासक्रम असावा, आणि वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित व नागरिकत्व हे विषय त्यात असावेत. फिरस्त्या कुटुंबास सामान्यतः आपल्या कायम वास्तव्याच्या राज्याचा कायदा लागू होतो. दुसरीकडे दीर्घकाळ मुक्काम केल्यास तेथील नियम पाहावे लागतात.

हे फॅड आजचे आहे असेही समजू नये. जॉन होल्ट या शिक्षकाने १९६४ मध्ये, मुले शाळेत का नापास होतात यावर पुस्तक लिहून खळबळ उडविली आणि १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक सुरू केले. पुढे करोनाच्या साथीने या प्रवाहास पूर आणला. तेथील जनगणना खात्याच्या पाहणीत, शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी २०२० च्या वसंतात ५.४ टक्के घरांनी गृहशिक्षण देत असल्याचे सांगितले होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हे प्रमाण ११.१ टक्के झाले. त्या पुरात आम्हीही उतरलो.

आता जमेची बाजू.

आपण कासार. आपल्या आजोबा-पणजोबांनी बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन बाजार आणि जत्रा पायांखाली घातल्या. त्यांची पोरेही बरोबर असत आणि वाटेत पावकी, निमकी, पाऊणकी म्हणत हिशेब शिकत. हे आम्ही लहानपणी ऐकले होते, पण त्याचा अर्थ आम्हांस पेट्रोलच्या पंपावर कळला. आमच्या गाडीची टाकी छत्तीस गॅलनची होती. काटा पाऊणवर असता थोरलीने विचार करून सांगावयाचे, की किती तेल उरले आणि घर ओढीत किती मैल जाता येईल. छत्तीसाचे पाऊण सत्तावीस. गॅलनला दहा मैल धरल्यास दोनशे सत्तर. अपूर्णांकांची जी पाने तिने शाळेत रडत सोडविली होती, तीच ती येथे हसत सोडवू लागली. कारण उत्तर चुकले तर वाळवंटात गाडी थांबणार होती.

विजेचेही तसेच. मुक्कामाच्या जागी तीस अँपियरचा जोड मिळे. व्होल्ट एकशेवीस, म्हणजे एकूण छत्तीसशे वॅट. थंडाव्याचे यंत्र चालू असता कोणी विजेची किटली आणि सूक्ष्मलहरींची भट्टी एकदम लावली, की सारे घर अंधारात. तिसऱ्यांदा अंधार झाल्यावर धाकट्याने प्रत्येक उपकरणाचे वॅट एका कागदावर मांडून तो भिंतीवर चिकटविला, आणि पुढे चहाची वेळ तोच ठरवू लागला.

यलोस्टोन हे १८७२ मध्ये स्थापन झालेले जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथील प्रसिद्ध कारंज्यापाशी समुद्रसपाटीपासूनची उंची सात हजार फुटांहून अधिक आहे, आणि पाणी शंभराऐवजी सुमारे त्र्याण्णव अंशांवरच उकळते. त्या दिवशी कुकरची रबरी कडी फाटली होती म्हणून तुरीची डाळ उघड्या पातेल्यात चढविली. दोन तास झाले तरी डाळ टणटणीत! हवेचा दाब आणि उत्कलनबिंदू यांचा धडा मुलांनी उपाशीपोटी घेतला, म्हणून तो विसरणे नाही.

ग्रँड कॅन्यनच्या काठावरील चुनखडक सुमारे सत्तावीस कोटी वर्षांचा, आणि तळाचा खडक सुमारे एकशेपंचाहत्तर कोटी वर्षांचा आहे. त्या तळच्या खडकास भूशास्त्रज्ञांनी विष्णूचे नाव दिले आहे, आणि दरीतील शिखरांनाही ब्रह्मा, विष्णू, शिव अशी नावे आहेत. आपला सह्याद्री ज्या काळ्या लाव्हाचा बनला, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आजीला मराठीत पत्र लिहिताना थोरलीने लिहिले, "आपला सह्याद्री इथल्या खडकांपुढे अगदी लहान बाळ आहे." ही मराठी पत्रे दर शनिवारी लिहावयाची असा आमचा नियम होता. शुद्धलेखनाच्या चुका आजी तांबड्या शाईने दुरुस्त करून छायाचित्र पाठवीत. प्रवासास सर्वांत कडवा विरोध त्यांचा. आणि मराठीचा वर्ग अखेरपर्यंत चालविला तोही त्यांनीच.

सरकारी सोयींविषयीही सांगितले पाहिजे. चौथीत शिकणाऱ्या मुलास, आणि घरी शिकणारे असल्यास दहा वर्षांच्या मुलास, तेथील राष्ट्रीय उद्यानांत एक वर्ष कुटुंबासह प्रवेशशुल्क माफ असते. 'कनिष्ठ वनरक्षक' ही योजनाही आहे. मुलाने एक पुस्तिका भरून रक्षकासमोर शपथ घ्यावी आणि बिल्ला मिळवावा. धाकट्याने असे अकरा बिल्ले मिळविले. पण याच बिल्ल्यांपाशी आमची खर्चाची बाजू सुरू होते.

त्या पुस्तिका तो स्वतः वाचीत नव्हता. बहीण वाचून दाखवी, तो तोंडी उत्तरे देई, आणि तीच ती लिहून काढी. तो साडेसात वर्षांचा झाला तरी चार ओळी सलग वाचीना. पुस्तक उघडले की डोळे चोळी, डोके दुखते म्हणे, नाहीतर बाहेर पळे. आम्ही काय केले? प्रत्येक फूल आपल्या वेळी उमलते, असे पुस्तकांतून वाचलेले वाक्य आम्ही एकमेकांस ऐकविले. शाळेच्या घाईतून मूल सोडविल्याचे समाधान मानले. आजींनी दूरध्वनीवर विचारले, "त्याचे डोळे तपासलेत का?" आम्ही हसलो. कॅन्यनच्या पलीकडच्या कड्यावर बसलेले गिधाड सर्वांच्या आधी त्यालाच दिसले होते. अशा मुलाचे डोळे काय तपासावयाचे?

पुढे एप्रिल महिन्यात एका लहान गावी थोरलीचा चष्मा मोडला. तो करावयास गेलो असता सहज म्हणून धाकट्यालाही त्या खुर्चीत बसविले. तपासणारी बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले, की याला दूरचे उत्तम दिसते. जवळची अक्षरे मात्र ताण दिल्यावाचून स्पष्ट होत नाहीत, आणि दोन डोळ्यांच्या दृष्टीतही फरक आहे. चष्मा आल्याच्या दिवशी तो गाडीतील साखरेच्या डब्यावरची अक्षरे वाचू लागला, मग मिठाच्या, मग औषधांच्या बाटल्यांवरची. त्या रात्री तो निजल्यावर आम्ही दोघे त्या मेजापाशी न बोलता बसून राहिलो. टेक्ससमधील शाळांत ठराविक इयत्तांतून मुलांची दृष्टी तपासण्याचा नियम आहे. तो शाळेत राहिला असता तर बहुधा पहिल्या सहामाहीतच कोणाच्या तरी लक्षात आले असते. हा दोष गाडीचा नव्हे आणि कायद्याचाही नव्हे. तो सर्वस्वी आमचा. मायेच्या डोळ्यांना सर्व काही दिसते, हा आमचा भ्रम होता. मुलाकडे पाहणारे एखादे परके, शिकलेले आणि निष्पक्ष डोळे असावे लागतात. शाळा इतर काही देवो न देवो, एवढे तरी देते.

दुसरा प्रसंग त्याआधीचा, फेब्रुवारीतला. आर्कान्सा राज्यातील लिट्ल रॉक गावी एक भव्य हायस्कूल आहे. १९५४ च्या निकालाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर १९५७ च्या सप्टेंबरात नऊ कृष्णवर्णी मुलांनी या शाळेत प्रवेश मागितला. गव्हर्नराने राज्याचे सैनिक उभे करून त्यांना दारातून परत फिरविले. जमावाने शिव्याशाप दिले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर धाडले, आणि २५ सप्टेंबर रोजी बंदुकधारी सैनिकांच्या पहाऱ्यात ती मुले वर्गात गेली. पुढल्या वर्षी तर गावातील हायस्कुलेच बंद ठेवण्यात आली, पण दार उघडावयाचे नाही असा हट्ट!

हे सर्व तेथील संग्रहालयात वाचून आम्ही बाहेर पायऱ्यांसमोर उभे होतो. ती शाळा आजही चालू आहे. सुटीची घंटा झाली, आणि सर्व वर्णांची मुले हसत-ओरडत बाहेर पडू लागली. थोरली बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "या मुलांनी आत जाण्यासाठी एवढे सोसले. आपण बाहेर का आलो?"

आम्ही उत्तर देण्याचा प्रयत्न केला. बाहेर ठेवले जाणे निराळे आणि आपण होऊन बाहेर पडणे निराळे, असे काहीतरी बोललो. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. कारण तिच्या प्रश्नात दुसरा प्रश्न दडला होता. सात महिन्यांत तिला डोंगर, नद्या, अस्वले भेटली होती. मैत्रीण मात्र एकही टिकली नव्हती. तळावर ओळख व्हावी, चार दिवस गट्टी जमावी आणि पाचव्या दिवशी चाके फिरावी. त्या रात्री तिने सांगितले, की पुढच्या वर्षी मला रोज तीच मुले भेटणारी शाळा हवी. आमचा मूळ बेत तीन वर्षांचा होता. तो आम्ही त्या रात्री मोडला.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंस काय सोसावे लागले हे आपण जाणतोच. आपल्या घराण्यांतील आज्या-पणज्यांपैकी किती जणींना शाळेचा उंबरा ओलांडता आला? हातात माप घेऊन अचूक बांगडी निवडणाऱ्या, पण पावतीवर अंगठा उठविणाऱ्या त्या बायका आम्हांस त्या परक्या पायऱ्यांवर आठवल्या. जो हक्क त्यांना मिळालाच नाही, तो आपल्याला इतका सहज लाभला की आपण तो गंमत म्हणून बाजूला ठेवू शकलो. ठेवण्यास हरकत नाही. पण हातात काय होते, हे ओळखून ठेवावे.

तेव्हा आमचा निष्कर्ष काय? ज्यांस शक्य आहे त्यांनी मुलांना घेऊन अवश्य फिरावे, आणि फिरताना शिकवावे. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात. वर्षातून एकदा तरी मुलांची दृष्टी, श्रवण आणि अभ्यास त्रयस्थाकडून तपासून घ्यावा. मुलांचा सहवास तुटू देऊ नये. आणि प्रवास केव्हा थांबवावयाचा हे ठरविताना मुलांचाही शब्द मोजावा. भारतात राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. मुक्त विद्यालयाचा मार्ग उपलब्ध असला, तरी नियम नीट वाचूनच पाऊल टाकावे.

शेवटी एक विनंती. आमच्या मुलांचा प्रवास हौसेचा होता. आपल्या महाराष्ट्रात मात्र दरसाल हंगाम सुरू झाला, की ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर असंख्य मुले बैलगाडीत आणि ट्रकमध्ये बसून शाळेपासून दूर जातात. त्यांच्या फडावर मेज नाही, पुस्तक नाही, आणि परत आल्यावर जागा राहील याची खात्री नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागात, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व आचरून दाखविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांची शाळा कुरणात गेली. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून काही भाग, ज्ञातीची मर्यादा न पाळता, अशा मुलांच्या हंगामी वर्गांस आणि त्यांच्या नेत्रतपासणीस द्यावा, असा ठराव आम्ही सभेपुढे मांडू इच्छितो. त्या निधीत आमचा वाटा म्हणून, आमचे ते फिरते घर विकून आलेल्या रकमेतील काही भाग आम्ही आज चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत.

धाकटा आता रात्री दिवा मालवू देत नाही, वाचीत बसतो. थोरली शाळेत जाते, आणि कुरकुर करीत का होईना, रोज त्याच मैत्रिणींबरोबर घरी येते. कालिकामाता आपणां सर्वांच्या मुलांना डोळस ठेवो, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.