पापलेटचा हिशोब आपल्याही वहीत हवा

(मच्छी विकणाऱ्या गटांच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



मागच्या सभेत एका मावशींनी विचारलं, "समुद्रात मासा किती उरलाय हे सायबांना कळतं कसं? पाण्यात उतरून मोजतात का?"

मोजणी पाण्यात नाही, बंदरावर होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं बोटी लागल्या की टिपतात: माल किती, बोट किती वेळ समुद्रात होती, माशाची लांबी किती. काही मासे चिरून गाभोळी बघतात.

नुसत्या किलोवर जाऊ नका. पूर्वी एका दिवसात मिळणाऱ्या चार टोपल्यांना आता तीन दिवस लागत असतील, तर माल तेवढाच दिसतो, पण साठा घटलेला असू शकतो. दुसरी खूण लांबीची. मोठं पापलेट वर्षानुवर्षं कमी होत गेलं आणि पिल्लंच येत राहिली, तर मासा अंडी घालायच्या आधीच जाळ्यात जातोय. गटाच्या भाषेत सांगायचं तर आपण व्याज सोडून मुद्दल खातोय. मात्र हे एका दिवसावरून ठरत नाही. पैदास चांगली झाली तरी पिल्लं जास्त दिसतात. म्हणून सलग नोंद लागते.

२०२३ साली पापलेट आपला राज्य मासा झाला. त्याच वर्षी शासनाने पकडायची किमान लांबी ठरवली: पापलेटला १३५ मिलिमीटर, बोंबलाला १८०. पण १३५ भरलं म्हणजे पापलेटने अंडी घातली असं समजू नका. ते त्याहून बरंच मोठं झाल्यावर गाभोळी धरतं.

आणि गाभोळी सगळ्यात जास्त कोण बघतं? मासा चिरणाऱ्या तुम्हीच! तेव्हा प्रत्येक गटाने एक वही करा. आठवड्यातून एकदा, माल निवडायच्या आधी, हाताला येतील ती दहा पापलेटं घ्या. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजा. बोट किती दिवस होती ते विचारा. चिरताना गाभोळी दिसली तर लिहा.

"पिल्लं मी नाही घेतली तर दुसरी घेईल, माझा हप्ता कोण भरणार?" हे मला माहीत आहे. एकटीने नाही म्हणून भागणार नाही. म्हणूनच लिलावात पिल्लांवर बोली लावायची नाही, हे सगळ्या गटांनी मिळून ठरवू. पुढच्या सभेत तोच विषय घेऊ. येताना वही आणा.