रोशा गवत आणि त्याचें खत

आमच्या पनवेलीस जुन्या घरांच्या परसांत गवती चहाचें एखादें ठोंब असतेंच. त्यास खत घालावें असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आधणांत दोन पातीं टाकलीं कीं काम झालें. परंतु त्याच कुळांतील रोशा गवत तेलासाठीं शेतांत लावणाऱ्या माणसास खताचा प्रश्न म्हणजे पोटाचाच प्रश्न होतो.

रोशाचें घर खानदेश. एकोणिसाव्या शतकांत नंदुरबारच्या बाजूस डोंगरउतारावरचें हें गवत कापून भट्टीवर त्याचें तेल काढीत. तें मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या मार्गानें तुर्कस्तानास जाई आणि तेथें गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. परक्या बाजारांत त्याचें नांवहि ‘तुर्की जिरेनियम’ पडलें! जिरेनियमच्या झाडाशीं त्याचें नातें नाहीं. सारखेपणा आहे तो केवळ सुवासाचा.

रानांतलें गवत कापणारास खताची चिंता नव्हती. शेतांत लावलेलें रोशा मात्र चार-पांच वर्षें त्याच जागीं उभें राहतें व दरवर्षीं दोन-तीनदां कापलें जातें. मग जमिनींतून जातें तरी काय? येथें रसायनशास्त्र मोठी मौजेची गोष्ट सांगतें. तेलांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढींच द्रव्यें असतात, आणि तीं हवेंतून व पाण्यांतून आलेलीं. नत्र, स्फुरद, पालाश यांचा तेलांत मागमूसहि नाहीं. शंभर किलो ओल्या गवतांतून अर्धा किलो तेल निघालें तरी पुष्कळ. जमिनीची सारी पुंजी मागें उरलेल्या चोथ्यांत असते. तेव्हां तेल विकल्यानें जमीन दरिद्री होत नाहीं. चोथा कोठें जातो, हें पाहिलें पाहिजे.

तो बहुधा वाळवून भट्टीखालीं जाळतात. यास दोष देणें सोपें आहे, पण सरपण विकत घेणें लहान शेतकऱ्यास परवडत नाहीं, आणि चोथा न जाळावा तर रानांतलीं झाडें तुटतात. जाळल्यावर स्फुरद व पालाश राखेंत उरतात; नत्र मात्र धुरावाटें निघून जातें, आणि तेंच मग पोत्यानें विकत आणावें लागतें. युरियांत नत्र शेंकडा ४६. म्हणजे ४० किलो नत्रास जवळजवळ ८७ किलो युरिया झाला. माझ्या मतें निदान निम्मा चोथा कुजवून शेतांत परत जावा, आणि राख तर चिमूटभरहि वायां जाऊं नये.

दुसरी अडचण पावसाची. कोंकणासारखा तो तिकडे कोसळत नाहीं. धुळ्याच्या बाजूस वर्षाकांठीं कसाबसा ५००-६०० मिलिमीटर. जेमतेम ओलावलेल्या मातीवर युरिया फेंकला तर बराचसा अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून पहिला पाऊस चांगला मुरल्यावर एक हप्ता द्यावा, पुढचा कापणीनंतर, आणि तोहि जमिनींत ओल असेल तरच. शेणखताचें महत्त्व येथें नत्रापेक्षांहि ओल धरून ठेवण्यांत अधिक. दोन ओळींमध्यें तूर घेतली तर तिच्या मुळांवरील गांठी हवेंतलें नत्र फुकट आणून देतात.

खतानें गवत वाढतें. गवतांतील तेलाचा शेंकडा फारसा वाढत नाहीं. तें तेल फुलोऱ्यांत सर्वांत अधिक, पात्यांत त्याहून कमी आणि जाड दांड्यांत जवळजवळ नसतेंच. असे दांडे भट्टींत कोंबण्याचें कारण नाहीं. ते कापणीच्या वेळींच वेगळे काढून ओळींमध्यें पसरून द्यावे, म्हणजे सरपणहि कमी लागतें आणि ओलहि टिकते.